वरच्या खोलीतला कूलर

इतके दिवस मी इथे फक्त वाचत आलो. लोकांचे अनुभव वाचायचे, ‘झोप कमी झाली असेल’ असं मनात म्हणायचं आणि पुढे जायचं. भुतंखेतं, संकेत, दृष्टान्त यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय. कोणाला काही सुचलं तर सांगा.

मी मूळचा सांगलीचा. राइस मिलमध्ये तांदळातला काळा, पिवळा, किडका दाणा कॅमेऱ्याने टिपून हवेच्या फटक्याने बाहेर उडवणारं एक मशिन असतं... सॉर्टेक्स म्हणतात त्याला. ती मशिनं बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यामुळे भातपट्ट्यात सारखं फिरणं असतं. सगळं आयुष्य ‘दिसतंय ते खरं का, आणि का दिसतंय’ हे तपासण्यात गेलंय.

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. त्याच्या आधीच्या दिवाळीत माझी बायको सुनीता गेली. लांबलेलं आजारपण होतं. दिवस-पाणी सगळं रीतसर केलं, माणसं आली-गेली, आणि त्यानंतर आठवडाभरात मी टूरवर निघालो. लोकांना वाटलं, घट्ट काळजाचा आहे. तसं काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. भूक लागायची नाही, तहान लागायची नाही, घड्याळ बघून जेवायचो. रडूही आलं नाही. कोणी विचारलं ‘कसे आहात’ तर ‘बरा आहे’ म्हणायचो आणि ते खोटंही नव्हतं.

तर भंडाऱ्याजवळ शहापूरच्या एका मिलमध्ये मशिन बसवायचं काम निघालं. लॉजवर राहायचा कंटाळा आला होता. ॲपवर शोधलं तर भंडारा शहरातच, जुन्या बाजारात एक घरगुती मुक्काम दिसला. राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता. खालच्या रिव्ह्यूंमध्ये एक गोष्ट सारखी येत होती... ‘अंकल फार काळजी घेतात. दुपारी झोपमोड न करता कूलर भरून जातात.’ कोणी नागझिऱ्याला जंगल बघायला आलेलं कुटुंब, कोणी परीक्षेला आलेली मुलगी, कोणी बँकेचा माणूस. लिहिणारे वेगवेगळे, वाक्य साधारण तेच. ज्यांनी विदर्भातला उन्हाळा काढलाय त्यांना कळेल, मी तिथल्या तिथे खोली का बुक केली ते.

घर दुमजली, विटांचं, गल्लीला लागून. खाली पूर्वी पितळी भांड्यांचं दुकान होतं, आता शटर बंद. वर दोन खोल्या पाहुण्यांना. मालकीणबाई साठीच्या आसपासच्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं कमी. मी त्यांना काकू म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा मी सहज विचारलं, “काका दिसत नाहीत?”

“बाहेर गेले हायेत जी,” काकू म्हणाल्या. “येतीन.”

मला वाटलं, बाजारात गेले असतील.

आता खोलीची रचना नीट सांगतो, कारण पुढे तीच महत्त्वाची आहे. खोलीला गल्लीच्या बाजूने एक अरुंद लाकडी गॅलरी. गॅलरीत जायला दारं दोन, एक लाकडी आणि त्याला जोडून एक जाळीचं. दोन्ही कड्या खोलीच्या आतून. गॅलरीला दुसरा जिना नाही, शेजारच्या खोलीतून वाट नाही, नळही नाही. कूलर गॅलरीत लोखंडी स्टँडवर, तोंड खिडकीतून खोलीत. म्हणजे कूलर भरायचा तर बाथरूममधून बादली भरायची, खोलीतून चालत जायचं, कडी काढायची, गॅलरीत जाऊन ओतायची. तिथल्या उन्हात मोठा कूलर दिवसातून एकदा तरी भरावाच लागतो, नाहीतर पंप कोरडा घुं-घुं करत बसतो.

मी राहायला आलो तेव्हापासून तो कूलर मी एकदाही भरला नाही, आणि तो एकदाही रिकामा झाला नाही.

आधी लक्षातच आलं नाही. मग वाटलं, मी मिलमध्ये असताना काकू भरत असतील. पण त्यांचे गुडघे दुखायचे, जिना त्या टाळायच्या. पाण्याच्या नळीला फ्लोट बॉल लावला असेल म्हणून टाकी उघडून पाहिली. नळी नव्हतीच. शेवटी एका सकाळी टाकीच्या आतून पाण्याच्या रेघेवर पेन्सिलने खूण केली, खोलीला माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि गेलो. दुपारी आलो तर पाणी खुणेच्या वर होतं. बाथरूमची बादली कोरडी. फरशी कोरडी. कूलर भरताना थेंबभरही न सांडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मला तेव्हा घाबरायला हवं होतं, हे कळतंय. मी पेन्सिल खिशात ठेवली आणि झोपलो.

त्यानंतर एका दुपारी मिलची वीज गेली म्हणून लवकर परत आलो. शहरात वीज होती. उन्हामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वारा यावा म्हणून गॅलरीचं लाकडी दार उघडं टाकलं, जाळीचं दार कडी लावून बंद केलं आणि आडवा झालो. झोप लागली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. कूलरच्या आवाजात पाणी पडल्याचा बारीक आवाज मिसळला म्हणून मान वळवली. जाळीपलीकडे एक माणूस उभा होता. साठीचा, सडपातळ, अंगात बनियन, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. बादली टाकीच्या कडेला टेकवून अगदी हळू, धार भिंतीला लागेल अशी ओतत होता. आवाज होऊ नये म्हणून. मला वाटलं, हेच काका. मी उठून बसत म्हटलं, “राहू द्या काका, मी भरतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानेच ‘पडा, पडा’ अशी खूण केली. आपल्या घरातला मोठा माणूस करतो तशी. मी पडलो. पुन्हा पाहिलं तेव्हा गॅलरीत कोणी नव्हतं. जाळीच्या दाराची कडी आतून लागलेलीच होती. हे सगळं मी नोंद घेतल्यासारखं बघितलं. छाती धडधडली नाही, घाम फुटला नाही.

संध्याकाळी खाली गेलो तेव्हा काकू अंगणात पाणी शिंपडत होत्या. मी म्हटलं, “आज काका भेटले. कूलर भरून गेले.”

त्यांचा हात थांबला. चेहरा एकदम उजळला, मला तो अजून दिसतो. “बोलले काही?”

“नाही. झोपा म्हणाले, खुणेनं.”

“बारीक झाले का जी?”

“बारीकच आहेत.”

“डोक्याले दुपट्टा होता?”

“होता.”

“होता ना,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “ऊन लई हाये.” आणि त्या रात्री त्यांनी मला जेवायलाही खाली बोलावलं, मी मागितली नसताना ताटात शेवयांची खीर वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात बसलो होतो, तेव्हा त्यांचे दीर आले. दिवाकरजी. पलीकडच्या गल्लीत राहतात, दोघा भावांचं मिळून ते पितळेचं दुकान होतं. हातात बाजारातून आणलेली मातीची नवी घागर. उद्या अक्षय तृतीया होती. त्यांच्याकडे तिला अखाजी म्हणतात, आणि आमच्याकडच्यासारखी ती सोनंखरेदीची नसते. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, आणि एखाद्या माणसाला ‘पितर’ म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. तो जेवला की गेलेला जेवला. तो पाणी प्याला की गेलेल्याला पाणी पोचलं. हे सगळं मला दिवाकरजींनीच त्या सकाळी सांगितलं, कारण त्यांच्याकडे दरवर्षी बसणारे कारध्याचे सोयरे आजारी होते आणि ते मलाच विचारत होते.

“आमच्या बाबाच्या नावानं बसा जी,” ते म्हणाले. “पावणा माणूस चालते.”

मी हो म्हटलं. जेवायचंच तर होतं.

मग ते काकूंकडे वळले. “वयनी, यंदा दादाच्या नावानं बी भरू.”

काकूंनी पोह्यांची कढई खाली ठेवली. “जित्या माणसाच्या नावानं घागर भरतेत का, भाऊजी?”

तेव्हा दोघांच्या बोलण्यातून मला कळलं. काही वर्षांपूर्वी पुराच्या दिवसांत काका वैनगंगेचं पाणी बघायला म्हणून कारध्याच्या पुलाकडे गेले होते. पूर आला की सगळं भंडारा बघायला जातं. त्यांची स्कूटर पुलाअलीकडे सापडली, स्टँडवर नीट उभी, किल्ली काढलेली. माणूस सापडला नाही. पोलीस, भोई, सगळ्यांनी शोधलं. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. काकूंनी घेतलं नाही. ‘देह दिसला का? नाई ना,’ एवढंच त्या म्हणत आल्या. पुढे पाहुणे ठेवायला सुरुवात केल्यावर रिव्ह्यू यायला लागले, आणि मग तर त्यांना पुरावाच मिळाला. नवरा जिवंत आहे, कुठेतरी जवळच आहे, दुपारी येऊन जातो.

“जिता असता तं घरात नसता आला?” दिवाकरजी म्हणाले. “पावण्याइचा कूलर भरून परत गेला असता का?”

“लाज वाटत असन त्यायले. एवढ्या वर्षांनी तोंड दाखवाची.”

“कायची लाज, वयनी? मले सांग. सगळ्याइले पाणी देऊन राहिला तो. त्याले कोण देते?” म्हातारा बोलता बोलता रडायला लागला. “माझं बी आता काही खरं नाई. मी गेल्यावर त्याच्या नावानं घागर कोण भरन? त्याले पाणी तरी भेटू दे.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही कालच पाहिले ना जी त्यायले? सांगा याइले. जिता माणूस होता का नाई?”

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. एकाला भावाला पाणी पाजायचं होतं, एकीला नवरा जिवंत हवा होता, आणि दोघांचा साक्षीदार मी. ज्याला त्या वर्षी स्वतःचंही काही वाटत नव्हतं, तो. मी बघितलं तेच सांगितलं. “मला माणूसच वाटला काकू. जसे तुम्ही-आम्ही. पण... त्यांचे ओठ फार सुकलेले होते. फुटले होते.”

हे मी आदल्या संध्याकाळी बोललो नव्हतो. लपवायचं म्हणून नव्हे, विचारलं नव्हतं म्हणून. पण तसे ओठ मी ओळखतो. सुनीताची किडनी गेली होती. शेवटच्या महिन्यांत तिला पाणी मोजून होतं, औषधापुरतं. मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायचो. माणूस खूप दिवस तहानलेला असला की ओठांच्या कडा कशा पांढऱ्या पडतात ते मला झोपेतही सांगता येईल. काकांचे ओठ तसे होते. भरलेली बादली हातात, आणि ओठ तसे.

काकू कढई उचलून आत गेल्या. दिवाकरजी घागर तिथेच ठेवून निघून गेले, आणि मी मिलमध्ये गेलो.

दुसऱ्या दिवशी अखाजी. सकाळपासून घरात तळणाचा वास. मला आंघोळ करून यायला सांगितलं, पाटावर बसवलं, दिवाकरजींनी माझे पाय धुतले. वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस, मला संकोच वाटला. पुढ्यात पळसाच्या पानांची पत्रावळ, त्यावर पुरणपोळी, वडे, कढी, द्रोणात कैरीचं पन्हं. शेजारी त्यांनी आणलेली घागर, वर एक आंबा. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, मला पाणी दिलं, मी जेवलो. बऱ्याच महिन्यांनी कोणी मला असं समोर बसून वाढत होतं. चव कळत नव्हती, पण पोट तुडुंब भरलं. पाणीही पोटभर प्यालो. उठणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “थांबा जी. उठू नका.”

त्या आत गेल्या आणि दुसरी घागर घेऊन आल्या. तीही नवी. दिवाकरजींनी एकच आणली होती, त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं की त्यांना हे ठाऊक नाही. पहाटेच कधीतरी कुंभाराकडे स्वतः जाऊन काकूंनी ती आणलेली. त्यांनी घागर माझ्या उजव्या हाताला ठेवली, तांब्या बुडवून भरला, आणि माझ्यासमोर खाली बसल्या. त्या गुडघ्यांनी.

त्यांच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून ‘हे’ आणि ‘त्यायचं’ याखेरीज काही ऐकलं नव्हतं. त्यांनी तांब्या पुढे केला आणि स्पष्ट म्हणाल्या, “मनोहर. पाणी घ्या.”

मी तांब्या तोंडाला लावला. आता इथून पुढचं मला नीट सांगता येणार नाही, तरी सांगतो.

मला तहान नव्हती. सुनीता गेल्यापासून तहान म्हणजे काय तेच विसरलो होतो. पण पहिला घोट घशाखाली गेला आणि अशी तहान लागली... अंगभर. घसा, छाती, हाताची बोटं, सगळं कोरडं पडलंय अशी. मी तांब्या रिकामा केला. काकूंनी पुन्हा भरला. तोही संपवला. मग त्या भरत गेल्या आणि मी पीत गेलो, शर्ट भिजला, श्वास घ्यायलाही थांबवेना. दिवाकरजी घाबरून म्हणाले, “बस्स करा जी, पोटात दुखन.” काकू म्हणाल्या, “पिऊ द्या त्यायले.” शेवटी त्यांनी घागर कलती करून तळाचं पाणी तांब्यात घेतलं. ते प्यालो आणि थांबलो. जेवलेल्या माणसाच्या पोटात ते पाणी कुठे मावलं, मला माहीत नाही. पोट जडही झालं नाही.

काकू तशाच बसून राहिल्या. रडल्या नाहीत. दिवाकरजी मात्र भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

मी वर जाऊन पडलो. दुपारी कसल्यातरी आवाजाने जाग आली. कूलरचा पंप कोरडा घुं-घुं करत होता. खोलीत गरम वारा येत होता. उठून टाकी उघडली, तळाला ओल तेवढी होती. मी बघत उभा असतानाच जिन्यावर पावलं वाजली, थांबत थांबत. काकू अर्धी बादली घेऊन वर आल्या होत्या. मी बादली घ्यायला गेलो तर दिली नाही. स्वतः गॅलरीत जाऊन त्यांनी ती टाकीत ओतली. निम्मी फरशीवर सांडली.

मग बादली खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, “भागली का जी त्यायची तहान?”

“भागली,” मी म्हटलं.

समजूत घालायला म्हटलं नाही. समजूत घालायचं त्राण तेव्हा माझ्यात नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आपल्याला आपली भूक भागल्याचं ठाऊक असतं तसं. त्यांनी मान हलवली, पदराने कपाळ पुसलं आणि खाली गेल्या. घाम पुसला की कुंकू, ते मी पाहिलं नाही.

काम संपवून मी सांगलीला परतलो. नंतर ॲपवर बघत राहिलो, ‘अंकल’बद्दल पुन्हा कोणी लिहिलेलं नाही.

मी या सगळ्यावर पुष्कळ डोकं चालवलंय. खुणेचं पाणी, कडी, माणूस... उन्हाने भास झाला म्हणा, काकूच गुपचूप भरत होत्या म्हणा, माझं मनच तेव्हा ठिकाणावर नव्हतं म्हणा. म्हणा काहीही, मी भांडणार नाही. पण एकदाच जाळीआडून पाहिलेल्या माणसाची तहान भागली हे मला कसं कळलं, आणि जिच्याजवळ मी शेवटपर्यंत बसलो होतो तिची भागली की नाही हे का कळत नाही... एवढं तरी कोणी सांगा.

आता पुन्हा अक्षय तृतीया आली आहे. परवा मी काकूंना फोन लावला. विचारलं, बाई गेली असेल तर कोणाला बसवतात?

“सवाशीण लागते जी,” त्या म्हणाल्या. “सुनीताबाई कुंकवानं गेल्या ना? मंग सवाशीणच पाहा.”

मी म्हटलं, “तुम्ही याल का?”

मग त्या म्हणाल्या, “मी कशी चालन आता?”

“तुम्हीच या काकू.”

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, “भंडारा रोड टेशनावरून सांगलीले गाडी किती वाजता हाये?”